जुनी फाईल घेऊन सभेला



वडिलांच्या आठवणी, घराण्याची वंशावळ, सिनेगॉगचे अहवाल असे पुष्कळ लिखाण आपल्या घरच्या संगणकांवर पडून आहे. आम्ही अशी एक जुनी फाईल उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण साधे. पूर्वीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला की मराठी दिसत नाही.

पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा 'प्लग' हा जुना गट आहे, तसे गट इतर शहरांतही आहेत. आम्ही ती फाईल घेऊन अशाच एका सभेला गेलो.

तिथे 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणजे काय ते कळले. रोश हशानाच्या चिकाच्या हलव्याची कृती आपल्या घरांत कोणी लपवत नाही. शेजारीण ती घेते, नारळाचे दूध वाढवते, पुढे सुनेला देते. मुक्त सॉफ्टवेअरची कृतीही अशीच उघडी असते. ती कोणीही पाहावी, बदलावी, वाटावी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली हे काम जाहीर केले. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स आणले.

सभेतल्या मुलांनी आमचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिला. युनिकोडमध्ये 'क'ला आणि 'आलेफ'ला आपापला क्रमांक असतो, म्हणून खिचडी होत नाही. मग तो 'लिबरऑफिस'मध्ये ठेवला. हे मोफत आहे, आणि त्यात डावीकडून मराठी व उजवीकडून हिब्रू एकाच पानावर लिहिता येते. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांनी देवनागरी फॉन्टही खुले केले आहेत. घरी शिकायचे, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'चे छोटे धडे मराठीत ऐकता येतात.

एक अडचण मात्र आहे. अशा सभा पुष्कळदा शनिवारी असतात. 'सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन'सुद्धा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी येतो. आपण तर शनवार तेल्यांची लेकरे! तेव्हा रविवारची सभा कुठे आहे ते नातवंडांना शोधायला सांगावे. जाताना फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर न्यावी, मूळ फाईल घरीच ठेवावी. आणि विचारायला लाजू नये. आम्हाला तिथे कोणी हसले नाही.

१८४६ साली मुंबईत शिळाछापावर छापलेली मराठी हग्गादा आजही वाचता येते. आपण काल टाइप केलेले आपल्या नातवंडांना वाचता यावे, एवढीच आमची इच्छा.