टेबल मोठं झालं, आता डाव बदला! ऑनलाइन पोकरकडून छोट्या उद्योजकाने घ्यायचे ५ धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'धंदा वाढतो, पण पैसा कुठे अडकतो' हे बघितलं. त्याचाच पुढचा भाग इथे लिहितोय आणि उदाहरण घेतोय ऑनलाइन पोकरचं. आधीच सांगतो, हा पत्ते खेळायचा सल्ला नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. पण जिथे हा खेळ कायदेशीर आहे, तिथल्या खेळाडूंनी एका प्रश्नावर वर्षानुवर्षं डोकं लावलंय: छोट्या टेबलवर जिंकणारा माणूस मोठ्या टेबलवर गेल्यावर का हरतो?

हा प्रश्न आपलाही आहे. गल्लीत छान चाललेला माणूस पहिली मोठी ऑर्डर घेतो आणि सहा महिन्यांत कामगारांचा पगार द्यायला उसने मागत फिरतो. चूक नेमकी कुठे होते ते बघू.

धडा १: उलाढाल नाही, दर मोजा

पोकरमध्ये प्रत्येक डावाला दोन खेळाडूंना पत्ते बघण्याआधीच सक्तीची रक्कम लावावी लागते. त्यातल्या मोठ्या रकमेला 'बिग ब्लाइंड' म्हणतात. मुरलेला खेळाडू 'आज किती डॉलर कमावले' असं मोजत नाही. १०० डावांमागे किती बिग ब्लाइंड मिळाले, हे मोजतो.

समजा, १० सेंट बिग ब्लाइंडच्या टेबलवर तो १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावतो. म्हणजे ५० सेंट. आता तो २५ सेंटच्या टेबलवर गेला. तिथे समोरचे लोक जास्त तयारीचे, म्हणून त्याचा दर २ वर आला. कमाई किती? तेच ५० सेंट! कमाई तेवढीच, पण टेबलवर लावायचा पैसा मात्र अडीचपट.

आता आपलं गणित करा. समजा, तुम्ही महिन्याला १ लाखाचं फरसाण घरगुती गिऱ्हाइकांना ३० टक्के मार्जिनने विकता. सुटतात ३०,००० रुपये. मोठ्या दुकानसाखळीला २.५ लाखांचा माल १२ टक्क्यांनी दिला, तरी सुटतात ३०,०००च. वर कच्चा माल जास्त, माणसं जास्त, उधारी जास्त. उलाढाल बघून पेढे वाटू नका.

धडा २: जुनी युक्ती नव्या टेबलवर चालेलच असं नाही

छोट्या टेबलवरचे बरेच खेळाडू हौशी असतात. कच्चे पत्ते असले तरी 'बघू तरी' म्हणत पैसे लावत राहतात. तिथे साधा डाव चालतो: चांगले पत्ते आले की मोठी रक्कम लावा, हूल देऊ नका. कारण हूल दिली तरी समोरचा पत्ते टाकतच नाही.

वरच्या टेबलवर लोक वेळेवर पत्ते टाकतात आणि तुमचा कमकुवतपणा दिसला की उलट रक्कम वाढवतात. तिथे फक्त चांगल्या पत्त्यांची वाट बघणाऱ्याला सगळे ओळखतात आणि त्याने पैसे लावले की बाजूला होतात. मग हूलही हिशोबाने द्यावी लागते. मधे १०० रुपये असताना ५० ची हूल दिली, तर ती तीनात एकदा यशस्वी झाली तरी तोटा नाही. १०० ची दिली, तर दोनात एकदा यशस्वी व्हायला हवी. वर जाणारा खेळाडू अशी गणितं टेबलवर बसायच्या आधी पक्की करतो. आणि टेबलही निवडतो: पाचही जण आपल्यापेक्षा तयार असतील, तर तिथे बसतच नाही.

आपल्याकडेही तसंच. घरगुती गिऱ्हाईक चवीवर आणि तुमच्या बोलण्यावर येतं. दुकानसाखळीचा खरेदी अधिकारी रोज पन्नास पुरवठादारांशी बोलतो. तो पॅकिंग, बारकोड, परतीचा माल आणि पैसे द्यायची मुदत यावर घासाघीस करतो. तिथे 'ताई, आमची चकली एकदा खाऊन तर बघा' एवढ्यावर भागत नाही. खर्चाचा तक्ता हातात ठेवूनच बसा. आणि लक्षात ठेवा: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला पैसे द्यायची मुदत, लेखी करार केला तरी, २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हा आकडा त्या टेबलवर तुमच्या हातातला चांगला पत्ता आहे.

धडा ३: मार्जिन घटलं की वाईट काळ लांबतो

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा, दोनदा वाचा.

सहा जणांच्या टेबलवर १०० डावांमागे साधारण ९० बिग ब्लाइंडचा चढउतार धरूया. ५ च्या दराने जिंकणारा चांगला खेळाडूही १०,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता जवळपास २९ टक्के निघते. १ लाख डावांनंतर ती ४ टक्क्यांवर येते. म्हणजे शेवटी कौशल्य जिंकतं, पण वेळ घेतं.

आता दर २ वर आला आणि चढउतार तेवढाच राहिला. १ लाख डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता जवळपास २४ टक्के. चारातला एक! रोज दोन तास चार-चार टेबलं एकदम खेळली, तरी १ लाख डावांना पाच-सहा महिने लागतात. एवढं खेळूनही चुका न करणारा माणूस तोट्यात असू शकतो.

३० टक्के मार्जिनवाला एक बुडीत बिल पचवतो. १२ टक्केवाल्याचं तेवढंच बिल बुडालं, की पुढच्या सात-आठ ऑर्डरींचा नफा त्यात जातो. धंदा चांगला असूनही माणूस बसतो, तो इथे.

धडा ४: वर जाण्याआधी खाली उतरायची रेषा आखा

ख्रिस फर्ग्युसन या अमेरिकन खेळाडूने २००६-०७ मध्ये शून्यापासून सुरू करून १०,००० डॉलर केले. पहिले पैसे प्रवेश फी नसलेल्या स्पर्धांतून मिळवले. त्याचे नियम साधे होते. एका टेबलवर एकूण भांडवलाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त न्यायचं नाही. मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. जिंकता जिंकता समोरची रक्कम भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेली, तर उठायचं. भांडवल घटलं, तर निमूट खालच्या टेबलवर यायचं.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. ज्या 'फुल टिल्ट' साइटवर हे घडलं, तिच्या चालकांत फर्ग्युसनही होता. २०११ मध्ये अमेरिकन सरकारने कारवाई केली. खेळाडूंचे ठेवलेले पैसे इतरत्र वळवल्याचा आरोप कंपनीवर झाला. यातून एकच घ्या: गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स हे आपलं भांडवल नाही. तो वेगळ्या खात्यात ठेवा.

धंद्यात ५ टक्क्यांचा नियम जसाच्या तसा बसणार नाही, पण प्रश्न तोच: ही ऑर्डर ९० दिवस अडकली, तर भाडं, पगार आणि हप्ता भरता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर ऑर्डर अर्धी घ्या. आणि तीन महिने मार्जिन ठरवलेल्या रेषेखाली राहिलं, तर लाज न बाळगता छोट्या गिऱ्हाइकांकडे परत या. पोकरवाले खाली उतरण्याला हार म्हणत नाहीत. भांडवल शिल्लक असेल, तर पुन्हा वर जाता येतं.

धडा ५: निकालावरून निर्णय तोलू नका

ॲनी ड्यूक या माजी पोकर खेळाडूने २०१८ मध्ये 'थिंकिंग इन बेट्स' हे पुस्तक लिहिलं. तिचा मुद्दा असा: निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता, असं मानायची आपल्याला सवय असते. वरच्या टेबलवर ही सवय महाग पडते. उधारी न तपासता माल दिला आणि पैसे वेळेवर आले, तर तो निर्णय चांगला नव्हता, नशीब चांगलं होतं. सगळं तपासून दिला आणि तरी बिल बुडालं, तर स्वतःला कोसत बसू नका. चांगले खेळाडू डाव संपल्यावर हरलेलेच नाही, जिंकलेले डावही पुन्हा तपासतात.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि लिहा:

१. सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं खरं मार्जिन, वाहतूक आणि परतीचा माल धरून.
२. मोठ्या गिऱ्हाइकाकडे आज अडकलेली रक्कम आणि तिला झालेले दिवस.
३. तुमची खाली उतरायची रेषा, आकड्यात.
४. गेल्या तीन महिन्यांतला एक फायद्याचा निर्णय, जो खरं तर नशिबाने तरला.

तिसरा आकडा घरात कोणाला तरी दाखवून ठेवा. अडचणीत असताना माणूस स्वतःच आखलेली रेषा पुढे सरकवतो, तेव्हा थांबवणारं कोणीतरी हवं.

पुढच्या व्हिडिओत खर्चाचा तक्ता सोबत बसून भरूया. वही घेऊनच या!