गाडीत पेट्रोलचा वास : कारणे व उपाय

ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) हा उसाचा पट्टा. ऊस व धान्यापासून बनणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वायसर त्याने फुगतात, तडकतात आणि गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बंद शेडमध्ये तळाशी साचते व लहानशा ठिणगीनेही पेटते. म्हणून वास केव्हा व कोठे येतो ते पाहावे.

१) टाकी भरल्यावर : झाकणाचे वायसर खराब असते. झाकण बदलावे, टाकी काठोकाठ भरू नये.
२) बॉनेटजवळ : नळी वा इंजेक्टरचे वायसर गळते, जुन्या गाडीत कार्बोरेटर ओसंडतो.
३) उभ्या गाडीखाली ओल : टाकी वा नळी गळते. गाडी सुरू न करता ढकलून उघड्यावर आणावी व मेकॅनिकला बोलवावे.
४) डिकीत : फवारणी पंपासाठी आणलेला पेट्रोलचा कॅन प्रथम बाहेर काढावा.

गळती शोधताना काडी पेटवू नये, बिडी ओढू नये. टॉर्च लांबूनच लावून आणावी. नळीला साबण लावून वेळ मारून नेऊ नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालणारी नळी क्लिपसह बसवून घ्यावी. नळीचा खर्च थोडा, पण आगीत गाडीबरोबर माणसेही जातात.