घरची चॉकलेटं : थेंब आणि ऊन सांभाळा



मागच्या वैशाखात आमच्या नरडाण्याच्या गटाने एका वाढदिवसासाठी साठ चॉकलेटं करून दिली. घरून निघाली तेव्हा सुबक होती, पोचली तेव्हा कागदाला चिकटलेला लगदा. पैसे परत करावे लागले. तुमचं तसं होऊ नये म्हणून आज कृतीबरोबर कारणंही सांगते.

घरी आपण वापरतो ती लादी बहुतेक ‘कंपाउंड’ची असते. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांचं लोणी असतं. ते साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून तोंडात विरघळतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं. ते स्वस्त पडतं आणि सहज घट्ट होतं. पण खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे दोन्हींचा टिकाव नाही. म्हणून आपला हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र.

चारशे ग्रॅम कंपाउंड बारीक चिरा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा. त्यावर कोरडं स्टीलचं भांडं ठेवा, तळ पाण्याला टेकू देऊ नका. त्यात चुरा घालून हळूहळू हलवा. वाफेचा एक थेंबही आत पडायला नको. साखर आणि कोकोची पूड त्या थेंबाभोवती गोळा होते आणि सगळं रवाळ, घट्ट होऊन बसतं. तसं झालंच तर टाकू नका. गरम दूध घालून घोटा, मुलांना दुधात द्यायला चालेल.

साचे पुसून कोरडे करा. तळाशी चिमूटभर रंगीत दाणे टाका, वर चॉकलेट ओता आणि साचा हलकेच आपटा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. दाणे वरून हवे असतील तर चॉकलेट ओलं असतानाच पेरा, घट्ट झाल्यावर चिकटत नाहीत. आत भाजलेले शेंगदाणे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या घालता येतात, पण पूर्ण गार झालेल्या. साचा दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फार गार केलं तर बाहेर काढल्यावर दव धरतं, चॉकलेट चिकट होतं आणि दाण्यांचा रंग सुटतो.

दहा ग्रॅमची एक, अशी चाळीस चॉकलेटं होतात. भाव ठरवताना कंपाउंड, दाणे, कागद, गॅस यांच्याबरोबर आपल्या हातांची मजुरीही धरा. ती सोडली तर नफा फक्त वहीत दिसतो.

विकायचं असेल तर घरगुती कामालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. पाकिटावर तो चौदा आकडी क्रमांक, घटक, वजन, तयार केल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह लिहा. दूध आणि शेंगदाणे असल्याचं ठळक लिहा, काहींना त्यांची ॲलर्जी असते. कंपाउंड वापरून ‘शुद्ध चॉकलेट’ मात्र लिहू नका. रंगीत दाणेही सुटे घेऊ नका, क्रमांक छापलेलं बंद पाकीटच घ्या. लहान लेकरांच्या तोंडात जायचे आहेत ते.

आता ऑर्डर आली की आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो : तारीख कोणती, आणि माल किती लांब न्यायचा? वैशाखातली असेल तर सरळ सांगतो, ‘ताई, शेंगदाण्याची चिक्की देतो.’