संत्रा बागेतच विकायचा की साखळी हाती घ्यायची? समजून घ्या जोखमीचे गणित

सोनाळा (जि. बुलढाणा) : सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यात संत्र्याचा बहार झाडावर दिसू लागला की व्यापाऱ्यांच्या चकरा सुरू होतात. बाग पाहायची, मालाचा अंदाज बांधायचा आणि उक्ता सौदा करायचा. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा तोडणी, मजूर, वाहतुकीचा ताप जातो. पण आपले फळ कोणत्या शहरात, काय भावाने विकले गेले, हे त्याला कळत नाही.

हा सौदा चुकीचा आहे का? तसे नाही. गारपीट, फळगळ, बाजार कोसळणे या जोखमीचा मोठा भाग व्यापारी घेतो. त्याचा नफा हा त्याच जोखमीचा आणि साखळी सांभाळण्याचा मोबदला असतो. तो वाटा शेतकऱ्याला हवा असेल, तर ते कामही अंगावर घ्यावे लागेल. उद्योजकी विचाराची सुरुवात इथून होते.

उद्योजकी विचार म्हणजे काय?

व्यवस्थापन अभ्यासक डॅनी मिलर यांनी 1983 मध्ये उद्योजकी वृत्तीच्या कंपन्यांची तीन लक्षणे मांडली. नवे करून पाहणे, मोजून-मापून जोखीम घेणे आणि इतरांच्या आधी पाऊल टाकणे. मात्र नुसत्या कल्पनेने कंपनीचा ताळेबंद सुधारत नाही. खरेदी, प्रतवारी, साठवण, वाहतूक आणि विक्री, म्हणजेच पुरवठा साखळी बदलली तरच त्या कल्पनेचा पैसा होतो.

एकाच गिऱ्हाइकाचा धोका

विदर्भातील संत्र्यासाठी बांगलादेश ही अनेक वर्षे सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ होती. त्या देशाने 2019 नंतर आयात शुल्क वाढवत नेले. 2023 मध्ये ते किलोमागे सुमारे 88 रुपयांवर पोहोचले. निर्यात घटली, माल देशातच साचला आणि भाव पडले. राज्य सरकारला त्या शुल्काचा निम्मा भार उचलण्यासाठी अनुदान जाहीर करावे लागले. फळ तेच होते, बागाही त्याच होत्या. पण माल जाण्याचा मुख्य रस्ता एकच असल्याने तो अरुंद होताच सगळी साखळी अडली.

नाशिकने काय केले?

द्राक्ष उत्पादकांवर असाच प्रसंग 2010 मध्ये आला होता. क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. निर्यातदार आणि शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी आकाराला येत होती.

कंपनीने शेतातील फवारणीच्या नोंदींपासून पॅकहाऊस, शीतसाखळी आणि निर्यातीपर्यंतचे टप्पे एका छताखाली आणले. द्राक्षांच्या नव्या जाती आणल्या. द्राक्षांवरच न थांबता टोमॅटो प्रक्रिया आणि फळांच्या पल्पमध्ये पाऊल टाकले. एका पिकाला किंवा बाजाराला फटका बसला तरी दुसऱ्याचा आधार राहावा, असा हा विचार होता. 2022 मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांनी या समूहात सुमारे 310 कोटी रुपये गुंतवले. साखळीवर पकड असली की भांडवलही विश्वास ठेवते, हे त्यातून दिसले.

संत्र्याला हे लागू पडते का?

संत्रा द्राक्षाइतका नाजूक नाही. पण तोडणीवेळी देठ ओढला, सालीला इजा झाली किंवा माल उन्हात राहिला, तर सड लागते. योग्य हाताळणी करून 6 ते 7 अंश तापमानात ठेवल्यास तो काही आठवडे टिकतो. आवक वाढून भाव पडलेला असताना थांबता येणे, हीच शीतगृहाची खरी किंमत. आकारानुसार प्रतवारी केली तर मोठे फळ एका बाजारात, लहान फळ रसासाठी दुसरीकडे पाठवता येते. उक्त्या सौद्यात मात्र सगळ्याचा एकच भाव होतो.

कंपनी कागदावर राहू नये म्हणून

शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. केंद्राने 2020 मध्ये 10 हजार उत्पादक संस्थांची योजना सुरू केली. त्यात व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल 18 लाख रुपये आणि सभासदांच्या भांडवलाइतके, पण 15 लाखांपर्यंतचे अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. अनुदानाने कंपनी उभी राहते, पण चालत नाही. केवळ बियाणे-खते विकणाऱ्या कंपनीचे उत्पन्न दुकानाएवढेच राहते.

म्हणून सभासदांनी वार्षिक सभेत उलाढालीपलीकडचे चार प्रश्न विचारावेत :

- तोडणीनंतर किती माल वाया गेला?
- ग्राहकाच्या एका रुपयातले किती पैसे सभासदाला मिळाले?
- चुकारा किती दिवसांत झाला?
- सर्वांत मोठ्या खरेदीदाराने उद्या हात वर केले, तर माल कुठे जाणार?

सगळी बाग एकदम कंपनीकडे देण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी प्रत्येकाने मालाचा थोडा हिस्सा एकत्र करून प्रतवारीसह विकावा आणि उरलेला नेहमीप्रमाणे द्यावा. हंगामाच्या शेवटी दोन्हींचा हिशेब शेजारी ठेवला की, पुढच्या बहाराला व्यापारी बांधावर आल्यावर भाव कोणता सांगायचा, हे शेतकऱ्याला ठाऊक असेल.