फुकटचा पहारेकरी

फुकट मिळणाऱ्या वस्तूंविषयी आम्हा मध्यमवर्गीयांचे धोरण मोठे विचित्र असते. भाजीवाल्याने वर चार मिरच्या टाकल्या नाहीत तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. पण डॉक्टरांनी पैसे न घेता औषध दिले, तर त्याच्या गुणाविषयी मनात पाल चुकचुकते. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र ही शंका कोठे जाते कळत नाही. पाडव्याच्या मुहूर्तावर घरात नवा लॅपटॉप येतो, त्याला हळदकुंकू लागते आणि दुसऱ्याच दिवशी भाच्याला फोन जातो, "अरे, एखादा चांगलासा फुकटचा ॲन्टिव्हायरस सांग रे!" भाचा कॉलेजात असतो, घाईत असतो. जे नाव आठवेल ते तो सांगून टाकतो आणि ते नाव त्या घरात पुढे पाच-सात वर्षे नांदते.

मी मराठी शिकविणारा माणूस. या विषयात मी कशाला नाक खुपसावे, असे कोणी विचारील. पण हा प्रश्न यंत्राचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. ॲन्टिव्हायरस म्हणजे घरातला रखवालदार. आपण उघडतो ती प्रत्येक फाइल त्याला तपासावी लागते. पुष्कळदा आपण कोणत्या संकेतस्थळावर जातो तेही पाहावे लागते. म्हणजे कपाटापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. अशा माणसाला आपण पगार देत नसू, तर तो जेवतो कोठे, हे विचारायला नको का?

'व्हायरस' हा मूळ लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ विष. आपला 'विष' आणि तो 'व्हायरस' ही एकाच मुळाची पाने आहेत असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा ज्याने कोणी 'विषाणू' हा प्रतिशब्द काढला त्याने सातासमुद्रापलीकडचा चुलतभाऊच घरी आणला म्हणायचा! कॉम्प्युटरच्या विषाणूंचे मूळ मात्र आपल्या अगदी शेजारी सापडते. आयबीएम पद्धतीच्या घरगुती कॉम्प्युटरवरचा पहिला व्हायरस १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्याचे नाव 'ब्रेन'. या बंधूंनी त्यात स्वतःचे नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातला होता. चोराने भिंतीवर आपला पत्ता लिहून जावे असा तो भाबडा काळ होता.

आता तो राहिलेला नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस दीडशेच्या वर देशांत पसरला. तो फायलींना कुलूप घाली आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागे. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांत रुग्णांना परत पाठविण्याची पाळी आली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्चमध्येच दिली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्यांनी 'अपडेट'ची सूचना "नंतर बघू" म्हणून ढकलली, त्यांच्याकडे त्याचे विशेष फावले.

आता रखवालदाराकडे वळू. बऱ्याच घरांना ठाऊकच नसते की विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये तो आधीपासून बसलेला आहे. त्याचे नाव डिफेंडर. २००९ साली मायक्रोसॉफ्टने 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' या नावाचा मोफत ॲन्टिव्हायरस काढला, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तसाच पुरता ॲन्टिव्हायरस डिफेंडर या नावाने विंडोजच्या आतच आला. त्याची कीर्ती प्रथम फारशी बरी नव्हती. जर्मनीत मॅग्डेबर्ग येथे एव्ही-टेस्ट नावाची एक स्वतंत्र परीक्षा-संस्था आहे. रक्षण, वेग आणि वापरातली सोय असे तिचे तीन विषय, प्रत्येकाला सहा गुण. आम्हा मास्तरमंडळींना समजेल अशीच ही पद्धत आहे. २०१२ च्या अखेरीस या परीक्षेत मायक्रोसॉफ्टचा मोफत ॲन्टिव्हायरस चक्क नापास झाला, त्याला प्रमाणपत्र मिळाले नाही. "तो अंगचा कामाचा नाही, दुसरा घाला" हा सल्ला त्या काळातला. तेव्हा तो योग्यच होता. पण पुढे या विद्यार्थ्याने अभ्यास केला; अलीकडच्या वर्षांत तो त्याच परीक्षेत वारंवार वरच्या वर्गात आलेला आहे. सल्ला देणाऱ्यांनी मात्र जुनीच गुणपत्रिका खिशात ठेवली आहे. एक उणे सांगितले पाहिजे. डिफेंडरची पुष्कळशी हुशारी इंटरनेटवर अवलंबून असते. ते बंद असले की त्याची नजर थोडी मंदावते. ज्या घरी दिवसभर इंटरनेट चालू असते त्यांनी याची फार धास्ती घेऊ नये.

तर मग बाहेरच्या मोफत रखवालदारांचे काय? यांतली काही घराणी खरोखर नामांकित आहेत. अवास्टची सुरुवात १९८८ साली चेकोस्लोव्हाकियात, कम्युनिस्ट राजवटीत झाली, आणि एव्हीजीही त्याच देशातल्या ब्रनो शहरातला. या मंडळींनी आपले काम एके काळी लक्षावधी घरांत फुकट पोचविले, हे नाकारता येणार नाही. परंतु २०२० च्या जानेवारीत एक निराळीच हकीकत पत्रकारांनी बाहेर काढली. अवास्ट वापरणारी माणसे इंटरनेटवर कोठे कोठे जातात याची नोंद ठेवून, जम्पशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत ती माहिती विकली जात होती. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात जम्पशॉट बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकण्याची मनाई केली. कुंपणच शेत खाते ही आपली म्हण इतकी शब्दशः खरी ठरल्याचे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही. माणूस कोणत्या आजाराविषयी वाचतो, कोणते कर्ज शोधतो, रात्री दोन वाजता काय विचारतो, हे घरच्या माणसालाही ठाऊक नसते. ते रखवालदाराने बाजारात नेले!

आणखी एक गंमत. निवडीला पुष्कळ नावे दिसतात. पण अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतला, नॉर्टनवाल्यांनी २०२१ मध्ये अविरा घेतला आणि २०२२ मध्ये ही दोन्ही घराणी एक होऊन त्यांची जेन डिजिटल ही कंपनी झाली. पाट्या चार, दुकानदार एकच.

आपल्याकडचे उदाहरण सांगायचे तर क्विक हीलचे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे काटकर बंधू पुण्यास आले. थोरले कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, धाकटे संजय कॉम्प्युटर शिकत. दुरुस्तीस येणारी यंत्रे व्हायरसने आजारी आहेत हे पाहून त्यांनी औषध तयार केले, आणि १९९५ च्या सुमारास ते विकायला काढले. त्यांचा मुख्य व्यवहार सरळ आहे : पैसे द्या, पहारा घ्या. मला स्वतःला हा रोखीचा व्यवहार समजायला सोपा वाटतो. पण ज्याला पैसे घालायचे नाहीत त्याने चोरून लाजण्याचे कारण नाही. त्याच्यापाशी डिफेंडर आहे.

एवढे सांगूनही ज्यांना बाहेरचाच मोफत ॲन्टिव्हायरस हवा असेल, त्यांनी तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. बसविताना घाईने 'पुढे, पुढे' करू नये. "हा ब्राउझरही घ्या", "आपली माहिती इतरांना देण्यास संमती" अशा चौकटींत खूण आधीच केलेली असू शकते, ती काढावी. आणि एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन ॲन्टिव्हायरस कधीही ठेवू नयेत. दोघेही एकमेकांवर संशय घेतात आणि यंत्र बिचारे धापा टाकू लागते. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी ती अवस्था.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे असे दोन रखवालदार होते. शिवाय त्यांना फोटो सजविण्याचे एक महागडे सॉफ्टवेअर हवे होते, ते त्यांनी कोणाकडून तरी 'क्रॅक' करून घेतले. ते बसविताना सूचना आली : "काही वेळ ॲन्टिव्हायरस बंद करा." त्यांनी निमूटपणे केला. संध्याकाळपर्यंत मुलीच्या लग्नाचे फोटो, नातवाचे बारसे, पंधरा वर्षांचे हिशेब, सगळ्यांना कुलूप लागले. त्यांनी खंडणी दिली नाही, ते ठीकच केले. पण फोटो आले नाहीत. गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या पत्नीचे अखेरचे काही फोटो त्यांत होते. फुकट आणि चोरीचे यांत आपण फरक करत नाही, आणि रखवालदाराला आपणच सुट्टी दिल्यावर तो तरी काय करणार?

दुसरा प्रकार त्याहून बेरकी. आपण एखादी पाककृती शोधत असतो आणि पडदा एकाएकी लाल होतो. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस! ताबडतोब या नंबरवर फोन करा!" शिट्टी वाजते, पडदा मिटत नाही. घरातली वडीलधारी माणसे येथे हमखास घाबरतात. खरा ॲन्टिव्हायरस असा फोन नंबर देत नाही. यंत्र सरळ बंद करून पुन्हा सुरू करावे. फोन करून पैसे गेलेच असतील तर १९३० या सरकारी क्रमांकावर तात्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. फुकटाचीच हौस असेल तर सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे. त्याच्या संकेतस्थळावर कॉम्प्युटर साफ करण्याची मोफत साधने मिळतात, ती पाहावीत.

ज्यांच्याकडे अद्याप विंडोज १० आहे त्यांच्याविषयी दोन शब्द. त्याच्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नावनोंदणी करणाऱ्या घरांना तेव्हा आणखी एक वर्ष देऊ केले होते, इतकेच. अशा घरी कोणता ॲन्टिव्हायरस चांगला याची चर्चा करणे म्हणजे भिंत पडली असता दाराच्या कडीला तेल घालणे. यंत्राला विंडोज ११ झेपत असेल तर ते घालावे. नसेल तर बँकेचे काम तरी त्यावर करू नये.

आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवावी. काढून झाली की ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर कुलूप तिलाही लागते. दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरून झाला की हे काम करण्यास एक दुपार पुरते.