पहिल्या धारेचा मान

मेस्कल चाखणे हा आता मेक्सिकोच्या प्रवासाचाच भाग झाला आहे. अगावेचे, म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातल्या झाडाचे गड्डे खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर भाजायचे, ठेचून आंबवायचे आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात गाळायचे, ही गावठी रीत वाहाकात पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात. आपल्याकडे मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरला थांबणारा प्रवासीही शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी आवडीने खातो. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आणि भिल्ल गाळतात ती मोहाची दारू मात्र त्याच्या लेखी गुन्ह्याचा माल असते. एकीला मान आणि दुसरीला धाड, हा भेद कायद्याने घडवला आहे, असे माझे मत आहे.

मेस्कललाही हा मान आयता मिळालेला नाही. स्पेनच्या राजाने 1785 मध्ये मेक्सिकोतल्या गावठी दारूवर बंदी घातली होती. पुढे टकीलाच्या नावाला 1974 मध्ये आणि मेस्कलच्या नावाला 1994 मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. आपल्याकडे इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी मोडून मक्तेदाराचे दुकान बसवले आणि 1892 मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आणले. वास्तविक मोह हे आधी अन्न. चैत्राच्या तोंडावर झाडाखाली पहाटे फिकट, मांसल, गोड फुलांचा सडा पडतो. बायका-पोरे ती टोपल्यांत वेचतात, अंगणात वाळवतात, आणि टंचाईत त्यांवर दिवस निघतात. महाराष्ट्राने 2021 मध्ये फुले मोकळी केली, पण ती परवान्याशिवाय गाळणे आजही गुन्हाच आहे. शिरपूरपुढचा पळासनेरचा सीमानाका ओलांडला की चित्र वेगळे: मध्य प्रदेशाने मोहाला वारसा मद्य मानून आदिवासी बचत गटांना परवाने दिले. गोव्याच्या काजू फेणीला तर 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले.

मोहाच्या दारूलाही असा मान आणि परवाना मिळावा, या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आदिवासींच्याच चळवळीतून येतो. तळोद्याकडे 1938 च्या सुमारास आदिवासी संत गुलाम महाराजांच्या शब्दावर हजारोंनी दारू सोडली. दारूने घरे मोडतात, आणि तो मार बायकांच्या वाट्याला जास्त येतो, हे कोणी नाकारू नये. म्हणूनच हा निर्णय मंत्रालयाचा किंवा पर्यटन खात्याचा नव्हे, ग्रामसभेचा असावा. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारू बंद करण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी, दोन्ही एकत्र दिले आहेत. दुसरा आक्षेप विषारी दारूचा. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे गेली ती मिथाइल अल्कोहोलने. अशी भेसळ चोरट्या धंद्यात फोफावते. परवाना आणि तपासणी असली तर तिला आळा बसतो.

मला खरी धास्ती आहे ती मेस्कलच्या यशाची. नाव झाले तसे रानटी अगावे तोडले जाऊ लागले, आणि प्रमाणपत्राचा खर्च न झेपणारा छोटा गाळणारा मागे पडला. मोहाची एक बाजू भक्कम आहे: अगावे वाढायला सहा-आठ वर्षे तरी लागतात आणि गड्ड्यासाठी झाड मारावे लागते, मोह उभा राहून दरसाल फुले देतो. पण मानांकन कारखानदाराच्या हाती गेले, तर फुले वेचणारी बाई पूर्वीइतकीच मजूर राहील. तेव्हा सरकारने आधी शिरपूरच्या अनुसूचित गावांतल्या ग्रामसभांना, बायकांच्या हजेरीत, विचारावे. ज्या गावाला हवे त्या गावाच्या बचत गटालाच परवाना द्यावा. जे गाव नको म्हणेल, तिथली दारूबंदी सरकारने मनापासून पाळावी.