लिंक नाही, उद्या या

'लिंक नाही, उद्या या.' हे चार शब्द गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने कधी ना कधी ऐकलेले आहेत. बँकेत ऐकले, पोस्टात ऐकले, रेशनच्या दुकानात अंगठा लावताना ऐकले. आता ते औषधांच्या दुकानात आणि पॅथॉलॉजी लॅबमध्येही ऐकू येऊ लागले आहेत. काउंटरच्या आतल्या माणसाला हे वाक्य म्हणताना काही वाटत नाही, असा बाहेरच्याचा समज असतो. वास्तविक तसे नसते. एक तारखेला काठी टेकत जिना चढून आलेल्या पेन्शनराला 'उद्या या' म्हणायची पाळी माझ्यावर किती वेळा आली असेल, त्याची गणती नाही. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहण्यापेक्षा समोरच्या बंद पडद्याकडे पाहणे सोपे असते, एवढे मात्र मला अनुभवाने ठाऊक आहे.

हा विषय पुन्हा डोक्यात आला तो आमच्या भाच्यामुळे. त्याची डोंबिवली पूर्वेला पॅथॉलॉजी लॅब आहे. ठाण्यात नौपाड्याला, कल्याणात खडकपाड्याला आणि पुढे बदलापूरला रक्ताचे नमुने घेण्याची केंद्रे आहेत. ही सगळी केंद्रे एकमेकांना जोडायची म्हणून त्याने तीन कंपन्यांची कोटेशने मागवली आणि माझ्यापुढे आणून टाकली. "मामा, तुम्ही आयुष्यभर कागद वाचलेत, हेही वाचा," म्हणाला. तिन्ही कोटेशनांच्या पहिल्याच पानावर एकच शब्द होता : एसडी-वॅन. म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड वाइड एरिया नेटवर्क. नाव भारदस्त आहे. प्रकरण त्या मानाने साधे आहे, आणि ते धंदेवाल्यांच्या घरच्यांनीही समजून घेण्यासारखे आहे. कारण त्याचे बिल शेवटी घरातूनच जाते.

लांबलांबच्या कचेऱ्या एकमेकींशी जोडणे ही गोष्ट आमच्या पिढीने अगदी मुळापासून पाहिली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचे अहवाल १९८४ आणि १९८९ सालचे. त्यांनी बँकांत संगणकाची वाट मोकळी केली; पण संगणक आला तो प्रत्येक शाखेत एकटाएकटा आला. डोंबिवलीच्या शाखेतल्या यंत्राला ठाण्याच्या शाखेचे काही ठाऊक नसे. बातमी न्यायची ती कागदाने, फ्लॉपीने आणि लोकलने. क्लिअरिंगच्या चेकांची थप्पी पिशवीत घालून आमचा शिपाई रोज फास्ट लोकलने जाई आणि परत येई. त्याला एखाद्या दिवशी उशीर झाला की अर्ध्या शाखेच्या पोटात गोळा. खऱ्या अर्थाने बँकांचे जाळे उभे राहायला सुरुवात झाली ती १९९९ साली, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने हैदराबादच्या संस्थेने 'इन्फिनेट' हे उपग्रहावर चालणारे जाळे सुरू केले तेव्हा. पुढे २००४ मध्ये आरटीजीएस आले, २००५ मध्ये एनईएफटी.

आपल्या भागात त्यात आणखी एक गंमत होती. ठाणे टेलिफोनच्या हिशेबाने मुंबईत, म्हणजे ०२२ मध्ये. आणि रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवर असलेली डोंबिवली ०२५१ मध्ये. ठाण्याची तार महानगर टेलिफोन निगमची, डोंबिवली-कल्याणची दूरसंचार खात्याची, आणि ऑक्टोबर २००० नंतर भारत संचार निगमची. त्यामुळे ठाणे आणि डोंबिवली यांच्यामध्ये लीज लाइन घेतली की दोन मालकांची वेस ओलांडावी लागे. ती बंद पडली की इकडचा म्हणे दोष तिकडे आहे, तिकडचा म्हणे इकडे. चौसष्ट किलोबिटची ती तार. आजच्या मोबाइलवरचा तीन एमबीचा एक फोटो तिच्यावरून जायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. तरी आम्ही तिला जपत होतो.

नंतरच्या काळात मोठ्या धंद्यांनी एमपीएलएस नावाची सोय घेतली. टेलिफोन कंपनी आपल्या जाळ्यात तुमच्यासाठी एक राखीव वाट करून देते. वाट चांगली, खात्रीची, पण महाग. आणि नवीन केंद्र उघडायचे तर अर्ज करून वाट पाहायची. शिवाय प्रत्येक शाखेतल्या राउटरला इंजिनियरने वेगवेगळे शिकवायचे. एक नियम बदलला की चाळीस शाखांत चाळीसदा बदलायचा.

एसडी-वॅनने काय केले, ते डोंबिवलीच्या माणसाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. तो रोज सकाळी तेच करतो. फलाटावर येतो, इंडिकेटर पाहतो, घोषणा ऐकतो. फास्ट उशिरा आहे? मग स्लो पकडतो. स्लोला पाय ठेवायला जागा नाही? मग उलटा कल्याणला जाऊन बसून येतो. त्याहूनही बिनसले तर रस्त्याने बस. ठिकाण तेच, वाट क्षणोक्षणी बदलते. एसडी-वॅनची पेटी प्रत्येक केंद्रात बसते आणि तिला दोन-तीन साध्या इंटरनेट तारा जोडलेल्या असतात. ती त्या वाटांवर सतत छोटे छोटे निरोप धाडून पाहत राहते : पोहोचायला किती वेळ लागला, वाटेत किती हरवले, मागेपुढे किती झाले. ज्या कामाला जी वाट त्या घटकेला बरी, तिकडे ते काम वळवते. आणि नियम ठरवण्याची जागा एकच असते, मध्यवर्ती. तिथे एकदा लिहिले की सगळ्या पेट्यांना कळते. नवीन केंद्रात पेटी कुरिअरने पाठवली, तिथल्या मुलाने तारा खोचल्या की ती आपले नियम आपण उतरवून घेते. एवढेच.

कोटेशनांत मात्र पेटीबद्दल पाच पाने होती आणि तारांबद्दल पाच ओळी. माझ्या मते प्रमाण नेमके उलटे हवे होते.

आता थोडा हिशेब करू. बँकेतल्या माणसाला तेवढाच विरंगुळा. एखादी कंपनी करारात ९९ टक्के सेवेची हमी देते. ऐकायला छान. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास. त्यांचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे. ती सोमवारी सकाळी सात ते दुपारी दोन अशी आली, तर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या लोकांची रांग जिन्यापर्यंत जाते. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे, आणि त्याचे पैसे फार. पण ९९ टक्क्यांच्या दोन स्वस्त तारा घेतल्या आणि त्या एकमेकींशी संबंध न ठेवता बंद पडल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातल्या एकाचा शंभरावा भाग. महिन्याला सव्वाचार मिनिटे! एसडी-वॅनचे सगळे अर्थशास्त्र या एका गुणाकारावर उभे आहे.

आणि तो गुणाकार 'एकमेकींशी संबंध न ठेवता' या चार शब्दांवर उभा आहे. इथे आपले रस्ते आडवे येतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन तारा घेतल्या, बिले दोन आली, म्हणजे वाटा दोन झाल्या असे नव्हे. दोन्ही तारा एकाच विजेच्या खांबावरून लोंबत येत असतील, एकाच इमारतीच्या एकाच डक्टमधून चढत असतील, तर रस्त्याच्या काँक्रिटीकरणाला आलेला एक जेसीबी दोन्हींचा निकाल एका फटक्यात लावतो. कल्याणकरांना हे शिकवायला नको. जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे लोकांनी कशी काढली ते त्यांनाच विचारा. डोंबिवलीत कोपर पुलाने २०१९ ते २०२१ तोच धडा दिला. गाड्या कितीही वेगवेगळ्या कंपन्यांच्या असोत, पूल एकच असला की सगळ्यांची गत एकच.

म्हणून मी भाच्याला सांगितले, कोटेशन बाजूला ठेव आणि एक दिवस काढून चारही केंद्रांवर चालत जा. तार इमारतीत कुठून शिरते ते डोळ्यांनी पाहा. एक जमिनीखालून फायबर असेल तर दुसरी वरून घे, आणि तिसरी वाट म्हणून मोबाइलचे सिम ठेव. कंपनीची छोटी पेटी जिन्याखाली मीटरपाशी असते. तिला वीज कोण देते? महावितरणची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर वर चालतो आणि खाली ती पेटी विझते. तळमजल्याचे केंद्र असेल तर २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आले होते ते शेजारच्या दुकानदाराला विचारावे. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांच्या लक्षात आहे. उल्हास नदीने कल्याण-बदलापूरकडे काय केले ते मुंबईच्या बातम्यांत थोडे मागे पडले. यंत्रे त्या खुणेच्या वर ठेवावीत.

यानंतरचा प्रश्न मानाचा. आधी कोण? फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत मेल आणि फास्ट लोकल एकाच रुळांवर होत्या आणि मेल पुढे काढायची म्हणून लोकल थांबून राही. कचेरीतही हेच चालते. सीसीटीव्हीचे चित्रण म्हणजे मालगाडी. संथ, अवजड, रात्री गेली तरी चालेल. रिपोर्ट आणि बिल म्हणजे सकाळची फास्ट. फोनवरचे बोलणे त्याहून नाजूक, त्याला अर्ध्या सेकंदाची खोळंबाही सोसत नाही. कोणाला आधी सोडायचे हे पेटी पाळते, पण ठरवायचे मालकाने. बहुतेक ठिकाणी मालक हे काम कंपनीच्या तंत्रज्ञ पोरावर सोपवतात. त्या पोराला तुमच्या धंद्यात सोमवार सकाळ म्हणजे काय ते कुठून कळणार?

सुरक्षेबद्दल जरा थांबून सांगतो. प्रत्येक केंद्राला थेट इंटरनेट दिले म्हणजे प्रत्येक केंद्राला रस्त्याकडे एक दार पाडले. आमच्या काळी टी.टी.ने पैसे पाठवताना तारेत एक गुप्त आकडा असे. तो रक्कम, तारीख यांवरून कोष्टक पाहून काढायचा, आणि ते कोष्टक कुलपात. आता तेच काम पेट्या आपसांत करतात. मजकूर कुलूपबंद होऊनच रस्त्यावर निघतो. पण घरातली भांडणे वेगळी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची नकली यंत्रणा घुसवली होती आणि अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. ३१ जुलै २०२४ ला लहान बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला काही काळ आपल्या जाळ्यातून तोडून ठेवले. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे ग्राहक तेवढा वेळ अडकले. पण आग पसरली नाही. वेगळे करता येणे, हा जाळ्याचा मोठा गुण आहे. लॅबमध्ये रुग्णांचे रिपोर्ट, कॅमेरे आणि प्रतीक्षागृहातले फुकट वायफाय ही तीन बिऱ्हाडे वेगवेगळी हवीत, मधे भिंत हवी. एसडी-वॅनमध्ये ही भिंत घालता येते. तीनपैकी एका कोटेशनात तिचा उल्लेखच नव्हता. ते कोटेशन मी सरळ परत दिले.

उरलेले करारातले. पेट्यांचे सॉफ्टवेअर बहुधा वर्षाच्या वर्गणीवर असते. वर्गणी चुकली तर पेटी चालते की नुसती शोभेला राहते, हे लिहून घ्यावे. पासवर्ड कोणाकडे? जास्तीची एक पेटी डोंबिवलीत ठेवणार की पुण्याहून येणार? मालक कंपनी विकली गेली तर? या धंद्यात ते नवे नाही. व्हेलोक्लाउड नावाची मूळ कंपनी २०१७ मध्ये व्हीएमवेअरने घेतली आणि ती व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने.

सुरुवात मुख्य लॅबपासून करू नये. सगळ्यात रडणारे केंद्र घ्यावे. भाच्याच्या बाबतीत ते बदलापूर. तिथे महिना-दीड महिना चालवून पाहावे आणि तोवर जुनी तार तोडू नये. मग एका शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, हाताने एक तार उपसून पाहावी. बिल अडकते का, चालू असलेला फोन तुटतो का, किती सेकंद लागतात ते वहीत लिहावे. मग दुसरी उपसावी. मग मेन स्विच बंद करावा. हे सगळे मे महिन्यात उरकावे, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलायच्या निघाल्या तर पावसाआधी बदलून होतात.